जाहिरात अडविणे ही चोरी आहे काय?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



या सत्रात आपल्या साप्ताहिकाच्या अर्थव्यवस्थेविषयीचा ठराव चर्चेस यावयाचा आहे. छपाईचा आणि टपालाचा खर्च वाढला, वर्गणीदार मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. तेव्हा संकेतस्थळावर एखाद्या जाहिरात कंपनीची आज्ञावली बसवावी आणि येईल ते उत्पन्न तुटीकडे वळते करावे, असे व्यवस्थापन समितीने सुचविले आहे. ठराव मांडणाऱ्या मित्रांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. अंक वेळेवर निघावा म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशाला किती वेळा चाट लावून घेतली आहे, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पण काल रात्री जेवणानंतर एका तरुण साथीने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून या ठरावावर हात वर करणे मला जड जाते. तो म्हणाला, "माझ्या संगणकावर मी ॲड ब्लॉकर बसविला आहे. उद्या आपल्या साप्ताहिकावर जाहिराती आल्या तर त्याही तो अडवील. मग मी फुकट वाचणारा चोर ठरतो काय?" मंडळी हसली. मला मात्र झोप उशिरा लागली.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ॲड ब्लॉकर ही ब्राउझरला जोडावयाची एक छोटी आज्ञावली असते. आपण वृत्तपत्राचे पान उघडले की त्या पानाबरोबर जाहिरात कंपन्यांकडे जी मागणी आपल्या नकळत जाते, ती ही आज्ञावली वाटेतच थांबविते. पान येते, जाहिरात येत नाही. ज्यांचे उत्पन्न जाहिरातींवर आहे ते या प्रकाराला चोरी म्हणतात.

जाहिरात आणि वृत्तपत्र यांचे नाते हा आपल्या चळवळीला नवा विषय नाही. १९५२ साली नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगावर न्यायमूर्ती राजाध्यक्ष अध्यक्ष होते आणि आचार्य नरेंद्र देव सभासद होते. मोठी भांडवलदारी पत्रे जाहिरातींच्या बळावर थोड्या पैशांत जाडजूड अंक देतात आणि लहान पत्रांचा गळा आवळतात, ही चिंता त्या आयोगापुढे होती. पानांच्या संख्येला किमतीचे प्रमाण ठरवून द्यावे, अशी शिफारस आयोगाने १९५४ साली केली. तिच्यावरून १९५६ साली कायदा झाला, १९६० साली हुकूम निघाला, आणि त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या 'सकाळ'ने. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. जाहिरातींची जागा कमी केली की पत्राची किंमत वाढवावी लागते, किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटविणे म्हणजे विचारस्वातंत्र्याचा संकोच करणे होय, असा त्या निर्णयाचा आशय होता. आयोगाची चिंता खरी होती आणि न्यायालयाला दिसलेला धोकाही खरा होता, असे मला आजही वाटते. पत्रांची पाने मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला तर त्याचा उपयोग कोणाविरुद्ध होतो हे आपण १९७५ नंतरच्या एकोणीस-वीस महिन्यांत सेन्सॉरच्या निमित्ताने पाहिले आहे.

परंतु त्या वादातली जाहिरात आंधळी होती. तेलाची किंवा धोतराची जाहिरात पानावर छापलेली असे. ती तुम्ही वाचली काय, किती वेळ वाचली, वाचताना घरात कोण आजारी होते, हे तिला समजत नसे. १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हाही जाहिरात लागली की आपण उठून पाणी पिऊन येत होतो. कोणी आपल्याला चोर म्हटले नाही. वृत्तपत्राचे जाहिरातीचे पान न वाचता त्यात भाकरी बांधणारा मजूरही चोर नव्हता.

आता १९९४ या सालाकडे या. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टीवजा जाहिरात झळकली. या माध्यमातील पहिल्या जाहिरातींत तिची गणना होते. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील ल्यू माँटुली या तंत्रज्ञाने 'कुकी' तयार केली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या यंत्रात ठेवलेली लहानशी खूण. उद्देश साधा होता: एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले गिऱ्हाईक तेच आहे हे दुकानदाराला ओळखता यावे. पण जाहिरात कंपनीची खूण हजारो संकेतस्थळांवर एकाच वेळी काम करू लागली, तेव्हा गिऱ्हाईक सकाळी बातम्यांच्या पानावर, दुपारी औषधांच्या पानावर आणि रात्री नोकरीच्या पानावर गेले, याची सलग नोंद एकाच वहीत होऊ लागली. ती वही गिऱ्हाइकाने कधी पाहिलेली नसते.

पुढची पायरी लिलावाची. तुम्ही पान उघडता आणि पहिली ओळ वाचण्यापूर्वीच, डोळ्याचे पाते लवते न लवते एवढ्या वेळात, तुमच्या नजरेचा लिलाव झालेला असतो. कोणते पान वाचले जात आहे, वाचणारा साधारण कोठे आहे, त्याचा मोबाइल कोणत्या बनावटीचा आहे, त्याचा ओळख-क्रमांक काय, हे सर्व अनेक बोली लावणाऱ्यांकडे एकदम पाठविले जाते. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात दिसते. नाशिक जिल्ह्यातील साथींनी लासलगावचा कांद्याचा लिलाव पाहिलेला आहे. तेथे बोली हरलेला व्यापारी पुढच्या ट्रॉलीकडे वळतो; शेतकऱ्याचे नाव, त्याच्यावरचे कर्ज आणि त्याच्या घरचे दुखणे खिशात घालून तो जात नाही. या नव्या बाजारात हरलेल्यालाही माहिती मिळते. माल एकदाच विकला जातो, पण वाचकाची माहिती जितके बोली लावणारे तितक्यांकडे जाते. ती कोणी साठवून ठेवली, पुढे कोणाला विकली, हे शोधून काढणे वाचकाला शक्य नसते.

या बाजारात दलाल कोण आहे तेही पाहा. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निर्णय दिला की, प्रकाशकांनी जाहिरातीची जागा विकावयाचे साधन आणि लिलावाचा बाजार या दोहोंत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. अडत्या आणि बाजार समितीचा मालक एकच असावा, आणि खरेदीदाराची दलालीही त्यानेच करावी, असा हा प्रकार आहे. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने २०२० साली या साखळीचा हिशेब तपासून घेतला. जाहिरातदाराने दिलेल्या पैशापैकी सरासरी ५१ टक्के प्रकाशकापर्यंत पोचतात असे निघाले, आणि सुमारे १५ टक्के कोठे गेले याचा पत्ताच लागला नाही. ही तपासणी मोठमोठ्या, प्रतिष्ठित जाहिरातदारांच्या आणि प्रकाशकांच्या व्यवहारांची होती. आपल्यासारख्या साप्ताहिकाच्या पदरात काय पडेल याचा विचार समितीने करावा.

आता चोरीच्या आरोपाकडे येतो. असे सांगतात की, वाचक आणि प्रकाशक यांच्यात अलिखित करार आहे; मजकूर फुकट घ्या, मोबदल्यात जाहिरात पाहा. करार म्हटला की दोन्ही बाजूंना अटी माहीत असावयास हव्यात. ज्या व्यवहारात एका बाजूला आपण काय देत आहोत हेच ठाऊक नाही, त्याला आपल्या कामगार चळवळीने करार कधी म्हटले नाही. कोऱ्या कागदावर वेठबिगाराचा अंगठा घेणाऱ्या सावकारापाशीही करार असे. जर्मनीतील आक्सेल श्प्रिंगर या बड्या वृत्तपत्र कंपनीने 'ॲडब्लॉक प्लस' बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध अनुचित स्पर्धेचा दावा लावला होता. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी तो फेटाळला. आज्ञावली वापरावयाची की नाही हे वाचक ठरवितो, आणि प्रकाशकाला ते मान्य नसेल तर अशा वाचकाला पान न दाखविण्याची त्याला मुभा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्याच कंपनीचा स्वामित्वहक्काच्या मुद्द्यावरचा वेगळा दावा २०२५ साली त्याच न्यायालयाने पुनर्विचारासाठी हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे परत पाठविला, तेव्हा कायद्याचा शेवटचा शब्द झाला असे मी म्हणत नाही. नीतीचा प्रश्न मात्र मला स्पष्ट दिसतो. घराच्या खिडकीतून कोणी डोकावत असेल तर पडदा ओढणारा चोर नव्हे.

स्वसंरक्षणाचा मुद्दा केवळ मनाच्या समाधानाचा नाही. जाहिरातीच्या या साखळीत पैसे टाकून कोणालाही शिरता येते, आणि तेथे भामटेही शिरतात. मार्च २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स', बीबीसी यांच्यासारख्या संकेतस्थळांवर जाहिरातींच्या वाटेने घातक आज्ञावल्या पोचल्या. संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या त्या होत्या. संपादकांनी त्या जाहिराती पाहिल्याही नव्हत्या, कारण त्यांच्या पानावर काय दिसावे हे त्यांच्या हाती उरलेच नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने, म्हणजे सरकारी तपास यंत्रणेने, खोट्या जाहिरातींपासून बचाव म्हणून माहितीचा शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरावा, असा नागरिकांना सल्ला दिला.

तेव्हा त्या तरुण साथीला माझे उत्तर असे की, पाळत ठेवणारी जाहिरात अडविण्यात तुझे काही चुकलेले नाही. पण उत्तर येथे संपत नाही. ज्या बातमीदाराने दुष्काळी तालुक्यात चार दिवस फिरून वृत्तान्त लिहिला, त्याच्या श्रमाचे मोल कोणी तरी चुकते केलेच पाहिजे. जाहिरात अडवावयाची आणि वर्गणीही भरावयाची नाही, याला मी चोरी म्हणणार नाही. परंतु श्रमाला प्रतिष्ठा देणाऱ्या कार्यकर्त्याला ते शोभत नाही. आपल्यापैकी किती जण आपलेच साप्ताहिक शेजाऱ्याच्या अंकावर वाचतात, हा हिशेब मी येथे मागत नाही.

ॲड ब्लॉकर बनविणाऱ्यांचेही एकसारखे नाही. ॲडब्लॉक प्लसच्या मालक कंपनीने २०११ सालापासून 'स्वीकारार्ह' जाहिरातींची यादी सुरू केली. जाहिराती ठरावीक निकषांत बसत असतील तर त्या सोडावयाच्या आणि मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी पैसे घ्यावयाचे. वाचकाच्या दारात पहारा ठेवता ठेवता त्यांनी जकात नाका उघडला. याउलट रेमंड हिल यांनी २०१४ साली सुरू केलेली 'यूब्लॉक ओरिजिन' ही आज्ञावली पाहा. ती खुली आहे, फुकट आहे, आणि हे गृहस्थ देणगीदेखील घेत नाहीत. श्रमदानाचा हा नमुना आपल्या शिबिरांत सांगण्याजोगा आहे. आणि त्याचे पुढे काय झाले? क्रोम हा ब्राउझर गूगलचा. गूगलच्या मूळ कंपनीचे २०२३ सालचे तीन चतुर्थांशांहून अधिक उत्पन्न जाहिरातींचे. सुरक्षिततेचे कारण सांगून क्रोमने जोड-आज्ञावल्यांचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये यूब्लॉक ओरिजिन त्या ब्राउझरवर चालेनाशी झाली. तिची एक दुबळी आवृत्ती तेथे उरली आहे. फायरफॉक्सवर मूळ आज्ञावली अजून चालते. सुरक्षिततेचे कारण अगदीच खोटे होते असे नाही, अशा जोड-आज्ञावल्यांतून फसवणूक होतेही. पण दाराचे कुलूप कोणते असावे हे डोकावणाऱ्याने ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे.

शिवाय हे कुलूप कोणाला परवडते? आपल्या देशातील बहुसंख्य लोक संगणकावर वाचतच नाहीत. त्यांच्या हातात स्वस्तातला मोबाइल आहे आणि बहुतेक काम निरनिराळ्या ॲपमध्ये चालते. तेथे ब्राउझरची ही युक्ती चालत नाही. इंग्रजी जाणणारा, घरी संगणक असलेला मध्यमवर्गीय पडदा ओढून मोकळा होतो. घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक, कंत्राटी कामगार उघड्यावर राहतो. जाहिरातीने येणारा डेटाही त्याच्याच रिचार्जमधून खर्च होतो. कर्ज देणाऱ्या ॲपचे प्रकरण आठवा. महिनाअखेरीस तंगीत असलेल्या माणसाला 'पाच मिनिटांत कर्ज' अशी जाहिरात दिसते, तो ॲप उतरवून घेतो, आणि ॲप त्याच्या मोबाइलमधील सर्व नावे व क्रमांक उचलतो. हप्ता चुकला की बहिणीला, मुकादमाला, गावच्या सोयऱ्यांना फोन जातात. अब्रूच्या भीतीने माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना नावांची यादी, छायाचित्रे, फोनच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. पण परवाना नसलेले ॲप त्या मनाईला जुमानत नाहीत. खासगीपणा हा सुखवस्तूंचा शौक आहे असे मानणाऱ्या साथींनी या कर्जदाराशी एकदा बोलावे.

बाजाराच्या डोळ्याबरोबर सरकारचाही डोळा आहे, आणि त्याविषयी आपल्या चळवळीला कोणी शिकविण्याची गरज नाही. उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्या घरी पोलीस मध्यरात्री दार ठोठावीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रात्रीची भेट बेकायदा ठरविली, पण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. आणीबाणीत १९७६ साली त्याच न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचे दार बंद केले, तेव्हा न्यायमूर्ती खन्ना एकटे उभे राहिले. जयप्रकाशांनी त्या काळात स्थापन केलेल्या लोकस्वातंत्र्य संघटनेनेच पुढे फोन चोरून ऐकण्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९६ साली त्यावर काही बंधने मिळविली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला आणि १९७६ चा तो निर्णयही पुसून टाकला.

या निर्णयाच्या पाठोपाठ यावयाचा कायदा सहा वर्षांनी, २०२३ साली आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि नागरिकाला उपयोगी पडणाऱ्या बहुतेक तरतुदींसाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, कंपनीने माहितीची राखण नीट केली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड व्हावा, या तरतुदींचे मी स्वागत करतो. पण केंद्र सरकार ज्या सरकारी यंत्रणांची नावे जाहीर करील त्यांना हा कायदा लागूच नाही. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल करून, 'व्यक्तिगत माहिती' म्हटली की ती नाकारण्याची सोय केली. सार्वजनिक हिताची जी कसोटी त्या पोटकलमात होती ती काढून टाकली. हा बदल मात्र अठरा महिने थांबला नाही, तो लगेच अमलात आला. रेशन दुकानाची यादी मागणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला यापुढे काय उत्तर मिळेल याची कल्पना करा. नागरिकाचा मोबाइल उघडा राहावा आणि सरकारी फाइल मिटलेली राहावी, हे खासगीपणाच्या नावाने होत आहे.

बाजाराची वही आणि सरकारची वही वेगवेगळी राहते असेही समजू नका. एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून डिसेंबर २०१३ मध्ये उघडकीस आले की, अमेरिकेची हेरसंस्था लक्ष्य ओळखण्यासाठी गूगलच्या कुकीचाच उपयोग करीत होती. जाहिरातदारासाठी ठेवलेली खूण पोलिसाच्याही कामी येते.

आता आपल्या साप्ताहिकाकडे परत येतो. आपले वाचक कोण आहेत? साखर कारखान्यातील हंगामी कामगार, धरणग्रस्त, शिक्षक, अंगणवाडी सेविका, सरकारी नोकरीत राहून चोरून आपला अंक वाचणारे काही जण. आणीबाणीतील भूमिगत कार्यकर्ते पत्ते कागदावर न लिहिता पाठ करीत. अंक कोणाच्या घरी जातो ही यादी पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी तुरुंग पत्करला. आज तीच यादी, कोणता लेख कोणी किती वेळ वाचला या तपशिलासह, आपण होऊन बाहेरच्या कंपनीला देण्याचा ठराव आपल्यापुढे आहे. वाईट हेतूने नव्हे, कागदाचे बिल भागविण्यासाठी. पण वाचकाला त्यातील काहीच कळणार नाही.

जाहिरात मुळातच अस्पृश्य आहे असे मी म्हणत नाही. आपल्या दिवाळी अंकाला सहकारी बँका आणि पतसंस्था वर्षानुवर्षे जाहिराती देत आल्या आहेत आणि त्यांच्यावर आपण टीकाही केली आहे. एक-दोन जाहिराती त्यापायी गेल्या, तेही सोसले. तशी जाहिरात संकेतस्थळावर घेण्यास माझी हरकत नाही. आणि तरुण साथीला सांगतो, बाहेरून न आलेले असे साधे चित्र तुझा ॲड ब्लॉकर बहुधा अडविणारही नाही.

तेव्हा ठरावाला माझी दुरुस्ती पुढीलप्रमाणे आहे. "वाचकाच्या हालचालींची नोंद घेणारी बाहेरची कोणतीही आज्ञावली संकेतस्थळावर बसवू नये. जाहिरात घ्यावयाची ती छापील अंकाप्रमाणेच, संपादक मंडळाने पाहून, जाहिरातदाराच्या नावानिशी व स्थिर चित्राच्या रूपाने घ्यावी. तुटीसाठी प्रत्येक तालुका शाखेने दिवाळी अंकापूर्वी नवे वर्गणीदार मिळवून त्यांची वर्गणी कार्यालयात जमा करावी." वर्गणीदारांची नावे कागदावर लिहून आणावीत; यादीचा फोटो काढून कोणी व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. माझ्या स्वतःच्या तालुक्याची पहिली अकरा नावे मी आज बरोबर आणली आहेत, ती सत्र संपल्यावर चिटणिसांकडे देतो. दुरुस्तीला अनुमोदन देणारे कोणी असतील तर अध्यक्षांनी त्यांना बोलू द्यावे.